नर कोणता ठेवायचा?

खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायला आलेला जाणता शेतकरी आल्याआल्या जनावराला हात लावत नाही. आधी तो त्याला चालवून बघतो. मागचा पाय कुठं पडतो, चालताना पाठ हलते का, मान कशी धरतो. मग कमरेवर हात ठेवतो. खोंड उसळून बाजूला सरला तर तापट. नुसती कातडी थरथरवून जागेवर उभा राहिला तर चपळ, पण समजूतदार. मग दात : आदत आहे, दुसा आहे की चौसा. मग खूर, काळे आणि घट्ट. मग अंगावरचे भोवरे आणि त्यांचं शुभाशुभ. हे सगळं मनासारखं निघालं की रुमालाखाली बोटांनी भावाचं बोलणं सुरू होण्याआधी तो एक प्रश्न विचारतो, "वळू कुणाचा?"

पशुसंवर्धन खात्यातली माझी बहुतेक नोकरी माण, खटाव आणि आटपाडीत गेली. माणसानं जनावरं पाळली तरी कशी, असं मला शाळकरी मुलांपासून वृत्तपत्रवाल्यांपर्यंत पुष्कळांनी विचारलं, आणि दर वेळी मला बाजारातला हा प्रश्न आठवला. माझ्या मते उत्तर त्यातच आहे. रानातलं एखादं पिल्लू धरून आणलं, खाऊपिऊ घालून हाताला लावलं, तर ती सवय त्या एका जनावरापुरती असते आणि त्याच्याबरोबर संपते. पाळीव जनावर म्हणजे जिची वीण माणसाच्या हातात आली अशी अख्खी जात. पुढच्या पिढीचा बाप कोण हे माणूस ठरवू लागला, तेव्हापासून जनावर बदलत गेलं.

हा फरक चित्त्यावरून चांगला समजतो. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही शिकारीचे चित्ते होते. डोळ्यांवर टोपी घालून त्यांना गाडीतून माळावर न्यायचे, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढून सोडायचे. माणसाच्या हातचं खाणारे, दोरीला चालणारे हे चित्ते. तरी त्यांची पैदास तिथं झाली नाही. नवे चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहिलं आहे की वडिलांनी, म्हणजे अकबरानं, हजार चित्ते गोळा केले, त्यांची वीण व्हावी म्हणून खटपट केली, पण ते साधलं नाही. पुढं एकदा मोकळा सुटलेला चित्ता मादीपर्यंत पोचला आणि तीन पिल्लं झाली, हे बादशहाला मुद्दाम नोंदवावंसं वाटलं. हत्तीचंही बरंचसं असंच. त्यानं हजारो वर्षं ओझी वाहिली, लढायांत माणसांना पाठीवर घेतलं, पण हे हत्ती बहुतेक रानातून धरून आणलेले. हत्तीण बावीस महिने गाभण राहते आणि पिल्लू कामाला लायक व्हायला कितीतरी वर्षं जातात. इतकी वर्षं पोसण्यापेक्षा मोठा हत्ती धरून आणणं परवडायचं.

मग पहिल्यांदा वीण कुणाची हाती आली? कुत्र्याची गोष्ट सगळ्यात जुनी आणि थोडी निराळी, तिच्याकडे नंतर येतो. खाण्याच्या जनावरांत शेळ्या-मेंढ्या पहिल्या. इराणच्या पश्चिमेला झाग्रोस डोंगरात गंज दरेह नावाची दहा हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची पांढर आहे. तिथल्या शेळ्यांच्या हाडांवर मेलिंडा झीडर आणि ब्रायन हेसी यांनी केलेलं काम २००० साली प्रसिद्ध झालं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. त्याआधी अभ्यासकांची धारणा अशी होती, की पाळलं की जनावर आकारानं लहान होतं. म्हणून उत्खननात लहान हाडं निघाली की ती पाळीव समजायची. झीडरबाईंनी नरांची हाडं वेगळी काढली, माद्यांची वेगळी, आणि प्रत्येक जनावर कितव्या वर्षी मेलं ते पाहिलं. गंज दरेहचे नर बहुतेक पोरवयातच मारलेले निघाले आणि माद्या म्हातारपणापर्यंत राखलेल्या. म्हणजे पूर्ण वाढलेल्या जनावरांची हाडं मुख्यतः माद्यांची, म्हणून सरासरी लहान दिसत होती. शिकारी असं करत नाही. त्याला मोठा, भरलेला नर दिसला तर तो आधी मारतो. कोवळे नर काढून माद्या राखणं हे कळप ज्याचा आहे त्याचं काम. त्या वस्तीच्या कच्च्या विटांवर शेळ्यांच्या खुरांचे ठसेही आहेत. विटा वाळत होत्या तेव्हा जनावरं अंगणातून फिरत होती.

ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढं म्हसवडजवळच्या एका मेंढपाळाचा वाडा उभा राहिला. त्यांना सगळे आबा म्हणायचे. तिन्हीसांजेला मेंढरं चरून आली की आबा वाघरीतली कोकरं सोडायचे. दोनशे कोकरं एकदम ओरडत धावायची आणि त्या कालव्यात प्रत्येक कोकरू आपल्या आईपाशी पोचायचं. नर कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की व्यापारी येऊन घेऊन जायचा. मागं एक-दोनच ठेवायची. ती कशी निवडता, हे मी आबांना एकदा विचारलं. मला वाटलं होतं ते कोकराची लांबी, छाती, पायांची हाडं सांगतील. ते कोकराकडे बघेचनात. "डाक्टर, कोकरात काय बघायचं? त्याची आय बघा की. ही म्हातारी दोन दुस्काळ खाऊन बसलीया, एकदाबी गाभडली न्हाई. हिचं ऱ्हाऊ द्या." गंज दरेहच्या माणसांचे शब्द आपल्याला ऐकू येणार नाहीत, पण त्यांच्या हाडांच्या ढिगात जो हिशेब आहे तो आबांच्या वाड्यात रोज संध्याकाळी चालायचा.

गाईबैलांचं आपल्याकडचं मूळही लांबचं नाही. वशिंडाची गुरं आणि युरोपातली बिनवशिंडाची गुरं यांच्या रानटी पूर्वजांच्या वाटा माणसानं पाळण्याच्या कितीतरी आधी फुटल्या होत्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळली. वशिंडाच्या गुरांची जागा म्हणजे सिंधूचं खोरं आणि बलुचिस्तान. बोलन खिंडीपाशी मेहरगढ इथं १९७४पासून झां-फ्रांस्वा जारीज यांनी उत्खनन केलं. तिथल्या जनावरांच्या हाडांचा अभ्यास रिचर्ड मेडो यांनी केला. अगदी खालच्या थरांत हरणं आणि इतर शिकारीची हाडं पुष्कळ. वरच्या थरांकडे यावं तशी शिकार कमी होत जाते आणि गुरं वाढत जातात. ही गोष्ट आजपासून सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची. आपल्या घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. त्या वस्तीच्या काळापर्यंत, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपर्यंत, गुरं, शेळ्या-मेंढ्या आणि कुत्रा हे घरचेच झालेले होते.

हीच जनावरं का, आणि बाकीची का नाहीत? डिसेंबर २०२०मध्ये पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. माणसं जमली, मागं धावली. भ्यालेला, धावून धावून दमलेला तो गवा पकडल्यावर काही तासांत मेला. मला त्या बातमीनं फार वाईट वाटलं, आणि डोळ्यांसमोर बेंदराचा बैल आला. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, कानाशी हलगी कडकडते आहे, पोरं पायांत येताहेत, आणि हा हजार माणसांच्या गर्दीतून शांतपणे रवंथ करत चालला आहे. गवा आणि बैल एकाच कुळातले. त्या दोघांतलं अंतर म्हणजे हजारो वर्षं प्रत्येक पिढीतून बुजरी आणि मारकी जनावरं बाजूला काढली गेली, त्याचा साठलेला परिणाम.

मात्र सुरुवातीला हाताशी येण्याजोगं काहीतरी जनावरात असावंच लागतं. कळपानं राहणारं, म्होरक्यामागं जाणारं, एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभं राहणारं जनावर असेल तर माणूस त्या म्होरक्याची जागा घेऊ शकतो. माणूस पचवू शकत नाही असं गवत, कडबा, पाला खाणारं असेल तर माणसाच्या घासात वाटेकरी होत नाही. लवकर वाढणारं, कोंडलं तरी विणारं हवं. आणि घाबरलं की आंधळेपणानं उधळणारं नको. ही शेवटची अट फार मोठी. पश्चिम आशियात शेती सुरू होण्यापूर्वीचे लोक हजारो वर्षं कुरंगांच्या मांसावर जगले. आपल्या माळावरचा चिंकारा याच कुळातला. इतकी जुनी ओळख असून कुरंग कधी पाळीव झालं नाही. कुंपण दिसलं की ते त्याच्यावर जाऊन आदळतं, आणि विणीच्या हंगामात नर आपापली जागा धरून बसतात, दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. शेळीनं आणि मेंढीनं मात्र वाडा मान्य केला.

गव्याच्या बाबतीत एक अपवाद आहे, तो आपल्या ईशान्येकडचा. अरुणाचल आणि नागालँडमधला मिथुन हा गव्याच्याच वंशातला पाळीव पशू. त्याला गोठ्यात बांधत नाहीत. रानात मोकळा चरतो आणि मालक मीठ घेऊन गेला, हाक मारली की येतो. त्या पावसाच्या डोंगरात मिठाची ओढ जनावराला माणसापर्यंत आणते. पाळण्याची सुरुवात दाव्याशिवायही होऊ शकते, हे मला मिथुनावरून पटलं.

स्वभावाची निवड किती लवकर फळते, याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग सैबेरियात झाला. नोवोसिबिर्स्कमध्ये दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली रुपेरी कोल्ह्यांवर काम सुरू केलं आणि ते गेल्यावर ल्युदमिला त्रुत यांनी ते पुढं चालवलं. कातड्यासाठी पिंजऱ्यांत ठेवलेले हे कोल्हे. नियम एकच : माणूस जवळ गेला की जो सगळ्यात कमी भितो, कमी चावतो, त्याचीच वीण पुढं न्यायची. शिकवायचं काही नाही, लळा लावायचा नाही. चौथ्या पिढीत एक पिल्लू माणूस दिसताच शेपूट हलवू लागलं. आणखी काही पिढ्यांत पडके कान, कपाळावर पांढरा ठिपका, वळलेली शेपूट दिसू लागली; यांतलं काहीच कुणी निवडलं नव्हतं. हे कोल्हे मुळात पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या वंशातले होते, तेव्हा रानातून थेट घरात असा हा प्रवास नव्हे, हा आक्षेप बरोबर आहे. पण स्वभाव रक्तातून उतरतो आणि निवडीनं थोड्याच पिढ्यांत वळवता येतो, हे त्या कोल्ह्यांनी दाखवलं. इथंच भोवऱ्यांचंही सांगून टाकतो. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी १९९५मध्ये गुरांच्या कपाळावरचे भोवरे तपासले. ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या वर होता ती गुरं कोंडल्यावर जास्त बिथरत होती. आपल्याकडच्या शुभाशुभाला यानं दुजोरा मिळत नाही. पण कपाळाचा भोवरा बघणाऱ्या म्हाताऱ्याची नजर जनावराच्या स्वभावावर असणार, असं मला वाटत आलं आहे.

काही प्राण्यांना माणसानं आणलंच नाही, ते आपणहून जवळ आले. वस्तीच्या कडेला टाकलेल्या हाडांवर लांडग्यांतले कमी भित्रे टिकले आणि त्यांच्यातून कुत्रा झाला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात एक बाई, एक पुरुष आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचं मोठं पिल्लू पुरलेलं सापडलं. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून ते डिस्टेंपरनं आजारी पडलं होतं आणि तरी काही आठवडे जगलं, असं निष्पन्न झालं. डिस्टेंपर झालेलं पिल्लू मी पुष्कळदा हाताळलं आहे. ओकारी, जुलाब, ताप. कुणीतरी बसून पाणी पाजल्याशिवाय, पुसून काढल्याशिवाय ते तगत नाही. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी त्याची शुश्रूषा झाली. मांजर कोठारातल्या उंदरांमागं आलं. कोंबडी भाताच्या आणि बाजरीवर्गीय धान्याच्या शेतांमागं आग्नेय आशियातल्या रानातून आली, आणि पुढं तिच्यात आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचंही रक्त मिसळलं. बहुतेक पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी त्याच्याकडून आलेली आहे, हे २००८मध्ये जनुकांवरून सिद्ध झालं.

माणसाला हवं काय होतं? पहिल्यांदा मांस, आणि तेही टिकाऊ. मारलेलं हरीण दोन दिवसांत नासतं. दावणीचं जनावर म्हणजे लागेल तेव्हा मिळणारा साठा. दूध, लोकर, ओढकाम हे पुढचे फायदे. त्यातलं दूध मात्र फार लवकर आलं. तुर्कस्तानातल्या सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा सापडल्या आहेत.

दूध काढणं ही साधी गोष्ट नाही. गाईची तयारी असल्याशिवाय पान्हा सुटत नाही. वासरू ढुसण्या देतं, त्या स्पर्शानं आणि वासानं मेंदूतून एक संप्रेरक रक्तात उतरतं आणि मग सडांत दूध येतं. कैरोच्या संग्रहालयात कावित नावाच्या राणीची चार हजार वर्षांपूर्वीची दगडी शवपेटी आहे. तिच्यावर दूध काढण्याचं दृश्य कोरलं आहे : वासरू गाईच्या पुढच्या पायाला बांधलेलं, माणूस धार काढतो आहे आणि गाईच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो आहे. त्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थबकलो. खिलार गाईचं दूध आटपाडीत आजही असंच काढतात. वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवावं लागतं. गाय ते चाटते आणि मग पान्हावते. आठ हजार वर्षांनंतरही तिचं आईपण माणसाच्या पुरतं हाती आलेलं नाही, आणि यात मला खिलारची कमतरता मुळीच दिसत नाही. तिच्याकडून माणसानं मागितली ती चाल आणि ओढ. दुधासाठी तिची कुणी निवडच केली नाही.

याच्या उलट पंढरपुरी म्हैस. लांबच लांब, पाठीकडे वळलेली शिंगं, अंगानं हलकी. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी जा. गवळी म्हैस उभी करतो, गिऱ्हाईक पेला पुढं करतं, समोर धार काढून फेसाळ दूध हातात येतं. मग दुसरं गिऱ्हाईक, पुन्हा धार. भर रस्त्यात, वाहनांच्या आवाजात, थांबून थांबून दूध देणं बहुतेक म्हशींना जमत नाही. गवळ्यांच्या कैक पिढ्यांनी दारोदार नेऊन दूध घातलं, अशा फिरतीला जी पान्हावली तिचीच रेडकं राखली, आणि ही म्हैस तयार झाली. कुठल्या सरकारी केंद्रात हे झालेलं नाही. गवळ्यांना त्याचं श्रेय कुणी नीट दिलेलं नाही, याची मला खंत वाटते.

या सहवासाची किंमतही माणसानं मोजली. बुळकांडी हा गुरांचा काळ. दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. गोवराचा विषाणू हा बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद. गुरांमधून माणसांत आला आणि दाट वस्ती मिळाल्यावर राहिला. आम्हा पशुवैद्यकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे लसीकरणानं भारत २००६मध्ये आणि सगळं जग २०११मध्ये बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग.

आणि मागणी बदलली की जनावरही बदलतं. ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागी पंप आला, खिलारची दावण विरळ झाली. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१मध्ये परवानगी दिली, मे २०२३मध्ये राज्याचा कायदाही वैध ठरवला, आणि चपळ खोंडांना पुन्हा मोल आलं. मला त्याचा आनंद आहे, काळजीही आहे. दिवसभर औत ओढणारा बैल आणि थोडक्या सेकंदांत धाव संपवणारा बैल एक नव्हे. शर्यतीच्याच वळवांची वीण चालली तर पन्नास वर्षांनी खिलार म्हणून जे उभं राहील ते आजच्याहून निराळं असेल. दुसरीकडे वळू आता गावात दिसतच नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या रेतमात्रा येतात, आणि एकेका वळूची हजारो वासरं होतात. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बाएफ' ही संस्था सुरू केली. कृत्रिम रेतनाच्या अशा कामातून संकरित गाई आल्या आणि दुष्काळी भागातल्या कितीतरी घरांत दुधाचा पैसा आला. मी स्वतः ते काम मनापासून केलं. पण ज्या तालुक्यात खिलार आहे तिथं निदान काही दावणींत खिलारचीच वीण राखली पाहिजे, हे मी नोकरीत असतानाही सांगत होतो.

मेंढीचं काम फलटणला झालं. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची अगदी लहानखुरी मेंढी आहे. ती बहुधा एकाहून जास्त कोकरं देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियात गेल्या आणि त्यांच्यातलं जास्त कोकरं होण्याचं जनुक तिथल्या बुरुला मेरिनोंत उतरलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत बनबिहारी निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच जनुक गारोळकडून आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. कोणत्या नरात ते आहे हे आता रक्ताच्या थेंबावरून कळतं. त्या नरांबद्दल मी आबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "जुळी हुतील, ते ब्येस. पर कोकणात उतरताना घाटात चालतील का?" जुळ्यांना आईचं दूध पुरणार नाही, पोटाला कमी पडलेलं कोकरू मागं राहील, आणि घोड्यावर किती कोकरं घालणार, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता. आबांनी नर नेला. पुढच्या वर्षी त्याच्या पोटची नर कोकरं निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी सगळी विकली, आणि जुळ्यातलं जे एक आपल्या पायांनी आईमागं घाट उतरून आलं होतं, तेवढंच ठेवलं.